वरची निवळ

मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री मी जवळजवळ बाटलीभर व्हाइट वाइन सिंकमध्ये ओतून दिली. ती बिघडलेली नव्हती. ओततानाही मला ते पक्कं ठाऊक होतं.

निमित्त नवऱ्याच्या निवृत्तीचं होतं. दीर-जाऊ, माझा भाऊ-वहिनी, शेजारचं जोडपं, अशी घरचीच दहा-बारा माणसं. आमचं घर कळव्याला, शेवटच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत खाली धग सोडत राहतो, पंखा नुसती गरम हवा फिरवतो. बाटल्या दोन होत्या आणि दोन्ही भाचीने फेब्रुवारीत दिलेल्या. ती नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करते. लेबल नाही, फक्त काळ्या मार्करने एकीवर ० आणि दुसरीवर ८० लिहिलेलं. मी त्या बेडरूमच्या माळ्यावर ठेवल्या होत्या, म्हणजे घरातल्या सगळ्यात गरम जागी, आणि तेही तिनेच सांगितलं होतं म्हणून. संध्याकाळी दोन्ही फ्रिजमध्ये टाकल्या. पहिल्यांदा ८० उघडली. फिकट, पेंढ्याच्या रंगाची, आरपार. सगळ्यांनी एकेक घोट घेतला, छान आहे म्हणाले, बाटली संपली. मग ० उघडली. चार ग्लास भरून होतात न होतात तोच भाऊजींनी आपला ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. तांदूळ धुतल्यावरचं दुसरं पाणी जसं दिसतं, तसा तो दिसत होता. "वहिनी, ही नासलीय हो," ते म्हणाले. अगदी सहज, काळजीनेच म्हणाले. बाकीच्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. मी म्हटलं, "हो का? द्या इकडे," आणि चारही ग्लास, मागून बाटली, सगळं सिंकमध्ये रिकामं केलं. फ्रिजमध्ये कोकम सरबताचा जग होता, तो बाहेर काढला. गप्पा पुढे चालू झाल्या.

मी एक शब्दही बोलले नाही, हे मला नंतर फार टोचलं. कारण गढूळपणा मोजणं हीच माझी सव्वीस वर्षांची नोकरी. महापे एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासायची. सुरुवातीला बसने जायचे. ठाण्याहून वाशीची लोकल २००४ साली सुरू झाल्यावर ट्रेनने. पावसाळा लागला की दुधाळ चहाच्या रंगाच्या बाटल्यांची रांग लागायची. नेफेलोमीटर नावाचं यंत्र असतं. नमुन्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि काटकोनात किती प्रकाश विखुरतो ते मोजायचं. जितके कण जास्त, तितका प्रकाश बाजूला फेकला जातो. एकक एनटीयू. पिण्याच्या पाण्याला १ असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. यंत्र जुळवायला फॉर्माझिन लागतं, पांढुरकं, थेट दुधासारखं. ते पातळ करत करत वेगवेगळ्या आकड्यांची नळकांडी तयार करायची. त्या सरावाने माझी नजरच तशी झाली होती. नळाखाली पातेलं धरलं की आकडा आधी डोक्यात येई.

आणि त्याच नोकरीत मी हेही शिकले की डोळ्यांवर फार विसंबू नये. एकदा एक बाई बिसलेरीच्या जुन्या बाटलीत आपल्या सोसायटीच्या टाकीतलं पाणी घेऊन आल्या. अगदी काचेसारखं. म्हणाल्या, "बघा, किती स्वच्छ आहे, उगीच लोक तक्रार करतात." नेफेलोमीटरने ०.४ दाखवलं. दोन दिवसांनी कॉलिफॉर्म जिवाणूंच्या चाचणीच्या नळ्यांमध्ये भराभरा वायू जमला. त्या पाण्यात मैल्याचं पाणी मिसळत होतं. त्यांना फोनवर सांगताना माझा आवाज कापला होता, कारण त्यांच्या घरात तान्हं बाळ होतं. उलट विहिरीच्या मातकट पाण्याचे नमुने कितीतरी वेळा निर्धोक निघायचे. तर गढूळ आणि नासकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी अख्खं आयुष्य लोकांना सांगत आले. आणि माझ्याच घरात, माझ्याच भाचीच्या बाटलीबद्दल ते सांगायची वेळ आली तेव्हा मी सिंककडे चालू लागले.

त्या बाटलीत जे दाटून आलं होतं ते काय होतं, ते मला भाचीने फेब्रुवारीतच समजावलं होतं. आम्ही दोघं नाशिकला गेलो होतो. द्राक्षतोडणी ऐन भरात. पहाटे गारठा, दुपारी डोळे दिपवणारं ऊन. वायनरीच्या टाक्यांच्या दालनात शिरलं की उन्हाळाच विसरायला होतं, इतकं ते थंड. जमीन सतत धुतलेली, पायांखाली पाणी, आणि हवेत आंबण्याचा वास. आंबोळीचं पीठ रात्रभर फुगून वर आलं की झाकण काढताना येतो त्याच्या जवळचा, पण त्यात फळ मिसळलेलं. भाची गमबूट घालून शिडीवरून उतरली आणि म्हणाली, "आत्या, चल, तुला तुझं यंत्र दाखवते." कोपऱ्यातल्या छोट्या लॅबमध्ये खरोखरच नेफेलोमीटर होता. माहेरचं माणूस परक्या गावात भेटावं, तसं मला झालं.

द्राक्षाच्या दाण्यावर बुरशी चाल करून येते, तेव्हा वेल गप्प बसत नाही. दाणा पिकायला लागला की त्यात काही खास प्रथिनं साठत जातात. त्यातलं एक आहे कायटिनेज. ते एन्झाइमच आहे, बुरशीच्या पेशींभोवती कायटिनची जी भिंत असते ती तोडणारं. दुसऱ्याला थॉमॅटिनसारखं प्रथिन म्हणतात. थॉमॅटिन हे पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळातलं प्रचंड गोड प्रथिन. द्राक्षातलं हे त्याच्याच घडणीचं, मात्र गोड नाही. ही दोन्ही फार चिवट. रस आंबतो, साखरेचं अल्कोहोल होतं, आम्ल असतंच, बाकीची बहुतेक प्रथिनं त्यात मोडून पडतात. ही मात्र तशीच तरंगत राहतात. वाइन बाटलीत भरताना लख्ख दिसते. मग ती बाटली कुठल्या ट्रकमध्ये, कुठल्या दुकानाच्या काचेमागे, कुठल्या कळव्याच्या माळ्यावर तापते. ऊब लागली की प्रथिनाची घडी उलगडते, उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात, त्यांचे पुंजके होतात आणि वाइन धुकट होते. कायटिनेज बहुधा आधी उलगडतं. रेड वाइनला सहसा हा त्रास नसतो, कारण सालीतलं टॅनिन प्रथिनांना आधीच पकडून तळाला नेतं. व्हाइटला साल नाही, टॅनिन नाही. त्या धुक्याने कुणाला अपाय होत नाही. वेलीने आपल्या लेकरांसाठी केलेला बंदोबस्त आहे तो, शेवटपर्यंत टिकून राहिलेला.

आणि तो काढायला माती वापरतात.

ती माती मी लॅबच्या बाहेर पाहिली. लाकडी पॅलेटवर गोणी रचलेल्या, आणि त्यांवर लिहिलं होतं बेंटोनाइट. मी तिथेच उभी राहिले. नवरा पुढे गेला, भाची काहीतरी सांगत होती, मला ऐकूच येईना. मी एका फाटक्या कोपऱ्यातून चिमूटभर भुकटी काढून बोटांत चोळली, नाकाशी नेली. कोरड्या पाटीवर पहिला पाऊस पडावा तसा तो वास. बाबा दारात चप्पल काढायचे तेव्हा घरात यायचा तोच.

बाबा पाइलिंगच्या कामांवर सुपरवायझर होते. आम्ही नौपाड्यातल्या चाळीत राहायचो आणि ते रोज वाशीकडे जायचे. पूल झाला होता, पण वाशीला रेल्वे यायला अजून पुष्कळ वर्षं होती. ती १९९२ साली आली. तिथे जमीन म्हणजे वर भराव, त्याखाली खाडीचा काळा, लोण्यासारखा मऊ चिखल, मग मुरूम आणि त्याच्याही खाली खडक. इमारत उभी करायची तर खडकापर्यंत भोक पाडून त्यात काँक्रीटचा खांब ओतायचा. ट्रायपॉड उभा करायचा, विंचने चिझेल, म्हणजे जड लोखंडी छिन्नी, वर ओढायची आणि सोडायची. दिवसभर धडाम, धडाम. पण चिखलातलं भोक उभं कसं राहणार? ते लगेच बाजूंनी ढासळतं. म्हणून भोक पाडतानाच ते बेंटोनाइटच्या घोळाने भरलेलं ठेवायचं. घोळाच्या वजनाने भिंती आत यायच्या थांबतात, आणि मातीचे बारीक पापुद्रे भिंतीवर बसून तिथे दुधावर धरावी तशी साय धरतात. मग लोखंडाचा पिंजरा सोडायचा, ट्रेमीच्या नळीने तळापासून काँक्रीट भरत यायचं. काँक्रीट जड, ते खालून वर चढतं आणि बेंटोनाइटला वरच्या वर ढकलून बाहेर काढतं. शेवटी भोकात बेंटोनाइटचा मागमूस राहत नाही. राहता कामाच नये, राहिला तर खांबात दोष. "सगळं काम ती करते आणि शेवटी तिलाच हाकलून द्यायचं," असं बाबा एकदा जेवता जेवता म्हणाले होते. ते फारसं बोलायचे नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

त्यांच्या पँटच्या पायांवर वाळलेले फिकट राखाडी पोपडे असायचे. आई ती पँट कधीच बाकीच्या कपड्यांत भिजवायची नाही. पाणी लागलं की ते पोपडे फुगून बुळबुळीत व्हायचे, मोरी तुंबायची. एका रविवारी बाबांनी औषधाच्या जुन्या बाटलीत तो घोळ भरून आणला आणि आम्हा भावंडांसमोर टेबलावर ठेवला. थोडा वेळ हात लावू दिला नाही. मग बाटली आडवी केली, तर आतलं काही हलेना. घट्ट. मग त्यांनी बाटली जोरात हलवली आणि आडवी केली, तर पाण्यासारखं वाहायला लागलं. "हललं की पाणी, थांबलं की खरवस," म्हणाले. ते वाक्य आम्ही कितीतरी दिवस घोकत होतो. आणखी एक वाक्य त्यांचं असायचं: रात्रभर भिजल्याशिवाय बेंटोनाइट उठत नाही. घाईच्या साइटवर लोक सकाळी कालवून दुपारी वापरायचे, त्यावरून त्यांची भांडणं व्हायची.

भाचीने त्यांना फारसं पाहिलेलं नाही. ती चार वर्षांची असताना ते गेले. पण त्या दिवशी ती मला सांगत होती, "आत्या, ही रात्रभर भिजवायची, त्याशिवाय फुलत नाही." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. भिजवायची तीही आधी पाण्यात, वाइनमध्ये थेट टाकायची नाही, कारण वाइनमध्ये ती नीट फुगत नाही. साठेक अंशांचं गरम पाणी, त्यात यंत्राची रवी फिरत असते आणि वरून माती थोडी थोडी भुरभुरायची. साधारण शंभराला पाच असं प्रमाण. एकदम ओतली की गोळे होतात, बाहेरून ओले आणि आत कोरडे पीठ. पिठल्याच्या गुठळ्या. मी म्हटलं, "पेरायचं, ओतायचं नाही." आई मला चुलीपाशी हेच सांगायची, पळीने ढवळता ढवळता. भाची हसली आणि तिने मूठ माझ्यासमोर धरली. मी थोडी माती पेरली. बाबांच्या साइटवरच्यापेक्षा कितीतरी धुऊन, निवडून शुद्ध केलेली. पण जात तीच.

घरी परतल्यावर मी या मातीबद्दल मिळेल ते वाचलं. मला वाटायचं माती म्हणजे बारीक दाणे. ही दाण्यांची नाही, पानांची आहे. एकेक पान साधारण एक नॅनोमीटर जाडीचं, पानांच्या गड्ड्या. पानात ॲल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम बसलेलं असतं आणि त्यामुळे पानाला ऋण भार येतो. तो सांभाळायला दोन पानांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियम येऊन राहतं. पाणी आत शिरलं की सोडियमवाली पानं एकमेकांपासून खूप लांब जातात, कॅल्शियमवाली कमी. पूर्ण उलगडलेल्या एका ग्रामचा पृष्ठभाग ७५० चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे आठ हजार चौरस फूट. आमच्या इमारतीत पाचशे फुटांची घरं आहेत. चमचाभरही नसलेल्या मातीत अशी सोळा घरं अंथरलेली. वाइनचा पीएच ३ ते ४ असतो आणि त्या आंबटपणात द्राक्षाची ती प्रथिनं धन भार घेऊन फिरतात. ऋण पानं, धन प्रथिनं. टाकीत घोळ सोडून ढवळलं की काही मिनिटांतच प्रथिनं पानांना चिकटतात. बाकीचे दिवस जातात ते नुसते खाली बसण्यात.

वाइनमध्ये ही माती वापरायची कल्पना १९३४ साली कॅलिफोर्नियातल्या सेवेल या संशोधकाने मांडली. अमेरिकेतली दारूबंदी त्याच्या आदल्याच वर्षाअखेर उठली होती, म्हणजे पुन्हा उघडलेल्या तळघरांना तिची गरज तेव्हा किती असेल. नावही तिकडचंच, १८९८ साली फोर्ट बेंटनवरून पडलेलं. पण माती काही तिकडचीच नाही. बाबांच्या साइटवर गोणी कच्छहून यायच्या. कच्छमधलं बेंटोनाइट दख्खनच्या लाव्ह्याच्या खडकाचं कुजून, बदलून तयार झालेलं आहे. तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात हिरवा, एरवी काळा-करडा. तोही त्याच लाव्ह्याचा. नाशिकची ज्या डोंगरउतारांवर द्राक्षं लागतात तेही त्याचेच. हे कळल्यापासून त्या खिडकीत उभं राहिलं की मला वेगळंच वाटतं. बाबा ज्या खडकापर्यंत भोक पाडायचे तो, भोक ज्या मातीने धरून ठेवायचे ती, आणि भाचीची वेल ज्यात उभी आहे ती जमीन, सगळं एकाच आगीतून आलेलं.

मला त्या मातीबद्दल माया आहे, म्हणूनच तिचं जे पटत नाही तेही सांगायला हवं. ती निवड करत नाही. प्रथिनं ओढता ओढता थोडा सुगंधही ओढते, आणि डोस वाढवला की जास्त ओढते. रेड वाइनमध्ये टाकली तर रंगही नेते, कारण तिथला रंग देणारे अँथोसायनिन त्या आंबटपणात काही प्रमाणात धन भाराचे असतात. शिवाय तळाशी ती जो मऊ, फुललेला गाळ करते, त्यात शंभर लिटरमागे तीन ते दहा लिटर वाइन अडकून बसते. भाची त्या गाळाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "ही बघ, माझी दोन महिन्यांची मेहनत." काही ठिकाणी तिच्या या ओढाळपणाचा फायदाही होतो. चिरलेलं वांगं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तशाच प्रकारचं एन्झाइम द्राक्षरसातही असतं. आंबवण्याआधी रसात माती घातली तर ते बरंचसं निघून जातं आणि रस तपकिरी व्हायचा वाचतो. पण रस लवकर निवळावा म्हणून लोक स्वतःहून पेक्टिनेज घालतात, तेही एन्झाइमच, आणि माती त्यालाही सोडत नाही. म्हणून आधी पेक्टिनेजला त्याचं काम करू द्यायचं, मगच माती. काही तळघरांत अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम नको असलेल्या जिवाणूंसाठी वापरतात. नंतर मातीने तेही काढता येतं. ती मित्र ओळखत नाही, शत्रू ओळखत नाही. तिला फक्त भार कळतो.

म्हणून किती माती घालायची हा त्या लॅबमधला सगळ्यात नाजूक प्रश्न. भाचीने शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनचे पाच छोटे नमुने मांडले होते: ०, २०, ४०, ६०, ८०. शंभर लिटरला इतके ग्राम. प्रत्येक नमुना गाळून ८० अंशांवर दोन तास ठेवायचा, थंड करायचा, आणि तापवण्याआधीचा व नंतरचा आकडा नेफेलोमीटरवर घ्यायचा. फरक २ एनटीयूच्या आत आला तर ती वाइन टिकाऊ. मोजायचं काम तिने माझ्याकडे दिलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी नळी कापडाने पुसली, खूण पुढे करून खाचेत बसवली, झाकण लावलं. ० चा नमुना डोळ्यांनाच दुधाळ दिसत होता. २० थोडा बरा. ४० ला वाटलं झालं, पण आकडा ऐकेना. ६० अगदी काठावर अडला. ८० ला फरक एकाच्याही खाली. भाचीने वहीत ८० ला गोल केलं, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. ६० वर जमलं असतं तर तिला हवं होतं. शेवटच्या वीस ग्रामांबरोबर काय काय जाणार, ते तिला माहीत होतं आणि त्या यंत्राला माहीत नव्हतं. निघताना तिने त्या दोन बाटल्या माझ्या पिशवीत ठेवल्या. एक मातीशिवायची, एक ८० ची. "मे महिन्यापर्यंत माळ्यावर ठेव. मग दोन्ही उघड आणि मला फोन कर," म्हणाली.

आमच्याकडे निवळ हा शब्द फार वापरात होता. ताक घुसळून ठेवलं की वर येते ती निवळ. चाळीत पावसाळ्यात नळाला मातकट पाणी यायचं, तेव्हा आई हंड्यात तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवायची आणि हंडा कोपऱ्यात सरकवायची. "निवळू दे. हात लावू नकोस," अशी तंबी. तुरटीने काय होतं ते पुढे मी शिकले. तिथे उलटा हिशेब असतो. पाण्यातले मातीचेच कण ऋण भारामुळे एकमेकांना दूर ठेवतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम त्यांना एकत्र आणून खाली बसवतं. पाण्यात जी माती घाण, तीच वाइनमध्ये निवळणारी. पण तेव्हा मला फक्त थांबणं माहीत होतं. सकाळी आई वाटीने वरचं पाणी हलकेच काढायची, वाटी हंड्यात टेकवायचीसुद्धा नाही. शेवटी तळाला चार बोटं साका राहायचा. तो ती फेकत नसे. गॅलरीत अडुळशाची आणि तुळशीची कुंडी होती, त्यात ओतायची. चांगलं वरचं आणि टाकाऊ खालचं, असं काही त्या घरात नव्हतं. जे ज्याच्या कामाचं ते त्याला जायचं.

आणि मी ती बाटली कुंडीतसुद्धा ओतली नाही.

त्या रात्री मी का बोलले नाही, याचा विचार मी पुष्कळ केला. भाऊजींचा मान, पाहुण्यांसमोर शिकवणी नको, हे सगळं होतंच. शिवाय आमच्या भावाच्या मनात अजून एक बारीक सल आहे की मुलगी शिकून वाइनच्या कारखान्यात गेली. तो त्याच टेबलाशी बसला होता. लेकीची लख्ख बाटली त्याने शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवली होती. त्याचा चेहरा असा मी फार दिवसांनी पाहिला. धुकट बाटली निघाली आणि तो एकदम खाली ताटात बघायला लागला. मला वाटलं, लवकर नाहीशी करावी ती. त्याच्या डोळ्यांसमोरून हलवावी. माझा हात त्यासाठी घाईने चालला. पण मी दोन वाक्यं बोलले असते तर? ही नासलेली नाही, हे द्राक्षाने स्वतःला वाचवायला केलेलं आहे, आणि तुझ्या मुलीला ते काढता येतं, आपल्या बाबांच्याच मातीने काढते ती. कदाचित त्याने मान वर केली असती. बेंटोनाइट म्हटल्यावर त्याला ती औषधाची बाटली नक्की आठवली असती. खरवस हा शब्द तर त्यानेच सगळ्यात जास्त घोकला होता.

माणसं अकराच्या सुमारास गेली. भांडी घासून झाली, ओटा पुसला. साडेबाराला भाचीचा फोन आला. तिकडे टाक्या बदलण्याचं काम चालू होतं, मागे पंपाचा आवाज. "उघडल्यास?" मी तिला सगळं सांगितलं. ट्यूबलाइट, भाऊजी, सिंक. काही लपवलं नाही. ती रागावली नाही. थोडा वेळ नुसता पंप ऐकू येत राहिला.

मग म्हणाली, "धुकट होणारच होती गं, ते मला यंत्राने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. दोन्हींचा वास कसा होता?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी वास घेतला नव्हता. ८० पाहुण्यांच्या गडबडीत प्यायले होते, ० तर नाकापर्यंत नेलीच नव्हती. सव्वीस वर्षांची सवय, डोळ्यांनी निकाल दिला आणि ओतून मोकळी झाले. तिला बाकी काहीच विचारायचं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी ओळखीच्या, भरवशाच्या नाकाने दोन्ही बाटल्या हुंगाव्यात आणि मातीने काय नेलं ते तिला सांगावं.

"थांब," मी म्हटलं. दारापाशी सुक्या कचऱ्याची पिशवी होती. तिच्यातून दोन्ही बाटल्या काढल्या. अजून विसळलेल्या नव्हत्या. ० च्या तळाला चमचाभर धुकट वाइन उरली होती, ८० मध्ये चार-दोन थेंब. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, बाहेर पारसिक नुसता काळा आकार होता. ० ची बाटली नाकाशी नेली आणि डोळे मिटले. पेरू. पिकलेला नव्हे; पेरू सोलताना नखाखाली राहतो तो सालीचा हिरवा वास, आणि त्याच्यामागे जरासा मध. मग ८० हुंगली. तिथेही पेरू होता.

"आत्या, बोल ना," भाची म्हणाली.

"एक मिनिट," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिली बाटली घेतली.